पाचव्या फर्म्यात काही नाही

आमच्या बाइंडिंगच्या कारखान्यातून हजारो पुस्तकं बाहेर पडतात आणि ती तयार करणाऱ्या एकीनेही त्यातलं एक पुस्तक धड वाचलेलं नसतं. ही तक्रार नाही, कामाची रीतच तशी आहे. छापखान्यातून मोठाले कागद येतात. एकेका कागदावर सोळा पानं, काही सुलटी, काही उलटी, पहिल्याच्या शेजारी सोळावं. त्या कागदाला तीन घड्या घातल्या की पानं आपोआप ओळीत येऊन बसतात. या घडी घातलेल्या सोळा पानांना म्हणायचं फर्मा. सगळे फर्मे एकावर एक ठेवून शिवले की झालं पुस्तक. टेबलाभोवती आम्ही पाच जणी, आणि प्रत्येकीने एकच फर्मा धरायचा, दिवसच्या दिवस त्याच्याच घड्या घालायच्या. त्यामुळे एखादीला गोष्टीतलं लग्न तोंडपाठ असतं, पण नवरा कोण ते ठाऊक नसतं.

मालकांचा नियम एकच. डोळे घडीवर, अक्षरांवर नाही. वाचायला लागलं की कोपरे चुकतात, असं त्यांचं म्हणणं. माझा कोपरा चुकलेला त्यांनी दाखवावा, मी त्या दिवशी काम सोडीन. मी वाचतेही आणि कोपरेही जुळवते. एक कागद ओढताना दोन ओळी होतात, पुढचा ओढताना पुढच्या दोन. उलटी पानं तर मला आता सुलट्यांपेक्षा सोपी जातात. अशा वाचण्याला वाचणं म्हणायचं की नाही, ते ज्यांना खुर्चीत बसून वाचायला मिळतं त्यांनी ठरवावं. मला विचाराल तर ते भूक लागलेली असताना दुसऱ्याच्या स्वयंपाकाचा वास घेण्यासारखं आहे.

ऐन उन्हाळ्यात आमच्याकडे काम कमी असतं. डायऱ्या-कॅलेंडरं कधीच होऊन गेलेली, शाळेची पुस्तकं अजून यायची असतात. अशा दिवसांत ही कादंबरी आली. तेरा वर्षांची एक मुलगी. आई आजारी, म्हणून तिला उन्हाळाभर मावशीकडे पाठवलेलं. मावशीचं सायकल दुरुस्तीचं दुकान. गावाबाहेर दगडाची जुनी खाण, तिच्यात पाणी साचून झालेलं तळं, आणि तळ्यावर एक उंच कडा. गावातली सगळी मुलं त्या कड्यावरून उडी मारतात. एवढंच. ना खून, ना खजिना.

पहिला फर्मा जाऊबाईकडे होता. तिचं खरं नाव सगळ्या विसरल्या आहेत. तिची जाऊ आल्याशिवाय तिचं एक वाक्य संपत नाही, म्हणून ती जाऊबाई. दुसरा माझ्याकडे. तिसरा आणि चौथा जोडीकडे, म्हणजे सख्ख्या दोन बहिणी, एकीचं वाक्य दुसरी पुरं करते. पाचवा रेडिओकडे. रेडिओ हे नाव तिला पडलं कारण ती बोलतच नाही. आमच्याकडे विनोद असेच चालतात.

जेवणाच्या सुट्टीत डबे उघडायचे आणि एकेकीने आपापला फर्मा सांगायचा, ही आमची जुनी सवय. जाऊबाईने मुलीचं येणं सांगितलं, मावशी कशी जाऊबाईच्या जावेसारखीच ओठ मिटून हसते ते सांगितलं. मी सांगितलं तिचं पोहायला शिकणं, पाण्यात पहिल्यांदा पाय सुटले तेव्हाची तिची घाबरगुंडी. जोडीने सांगितला तो पोरगा, बोटं तोंडात घालून शीळ घालणारा, आणि मग चौथ्या फर्म्याचा शेवट. मुलगी कड्यावर चढते. सगळी पोरं खाली पाण्यात. ती वर उभी राहते, उभीच राहते, आणि उडी न मारता मागे फिरते. खालून सगळे हसतात.

"आणि तो शीळवालासुद्धा—" धाकटी म्हणाली.

"—हसतो मेला," थोरलीने पुरं केलं.

मग सगळ्यांच्या माना रेडिओकडे वळल्या. रेडिओने घास गिळला, पाणी प्यायली आणि म्हणाली, "काही नाही."

"काही नाही म्हणजे?" जाऊबाई म्हणाली. "सोळा पानं आहेत, बाई! सोळा पानं काही नाही कसं होईल?"

"काही नाही होत," रेडिओ म्हणाली आणि डब्याचं झाकण लावलं.

पुढच्या आठवड्यात दुसरी फेरी आली, सहाव्यापासून दहाव्यापर्यंतचे फर्मे. जाऊबाईने सहावा धरला आणि पहिल्याच दिवशी ओरडली. मुलीची कमरेपर्यंतची वेणी गायब! केस कानाशी कापलेले, आणि बाईसाहेब त्याच शीळवाल्याच्या सायकलवर मागे बसून कसल्याशा फळाच्या बिया थुंकत चालल्यात. मधे झालं काय? भांडण मिटलं कधी? केस कोणी कापले? रेडिओला विचारून विचारून आमची तोंडं दुखली. ती नुसती घडी दाबत होती. तिच्या चेहऱ्यावर एक हसू होतं, ते मी तिच्या तोंडावर इतक्या वर्षांत पाहिलं नव्हतं. मला तिचा इतका राग आला की त्या दिवशी मी डबा निम्मा टाकला.

मला त्या पोरीची एवढी का पडली होती, ते सांगायला हवं. मी तिच्याहून वर्षभराने मोठी, चौदा वर्षांची होते. परीक्षा संपली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी वडील मला इथे घेऊन आले. मोठे मालक, म्हणजे आताच्या मालकांचे वडील, म्हणाले, "राहू दे सुट्टीपुरतं. घरी बसून तरी काय करणार?" सुट्टीपुरतं. मी खुशीत होते. टेबलाशी माझे पाय जमिनीला टेकत नव्हते, तर त्यांनी पायाखाली कागदाचं रीम ठेवलं होतं. मग शाळा उघडली आणि कोणी काही बोललं नाही. मी वडलांकडे पाहिलं, आईने माझ्याकडे पाहायचं टाळलं. माझी सुट्टी जी लागली ती अजून संपायची आहे.

त्याच महिन्यात, दहावा फर्मा संपत आलेला असताना, मालक टेबलापाशी आले. माणूस वाईट नाही. माझ्यापेक्षा दोन-तीन वर्षांनी लहान, लहानपणापासून मला ताईच म्हणतो. हवापाण्याचं बोलून झालं आणि मग ते म्हणाले, "ताई, पोरीची नववी झाली ना? पाठवा की तिला सुट्टीपुरतं. शाळेचं काम येतंय, हात कमी पडतील. घरी बसून तरी काय करणार?"

शब्द तेच होते, ओळीतही तसेच. बापाने लेकाला कारखाना दिला, त्याबरोबर हे वाक्यही दिलं असावं. मी "बघू" म्हणाले. मान खाली घातली आणि घडी इतकी जोरात दाबली की दाबायची हाडाची पट्टी मोडली.

त्याच संध्याकाळी मी ठरवलं, हे पुस्तक मला पाहिजे. सांगोवांगी नको, अख्खं पाहिजे, आणि पाचव्या फर्म्यासकट पाहिजे. चोरी मी करणार नव्हते. पण छपाईत काही कागद नासतातच. कुठे शाई फासलेली असते, कुठे अक्षर दुहेरी उठलेलं असतं. ते बाजूला पडतात आणि महिनाअखेर रद्दीत जातात. मी टेबलावर एवढंच म्हणाले, "जिच्या तिच्या दोन्ही फर्म्यांचा एकेक डागाळलेला कागद मला हवाय." जाऊबाईने दोन-दोन दिले, एक नासला तर असावा म्हणून. जोडीने आपापले दिले. रेडिओने दहाव्याचा दिला, पाचव्याचा कागद तर तिने आधीच घडी घालून ठेवला होता. तो तिने टेबलाखालून माझ्या मांडीवर सरकवला, माझ्याकडे न बघता.

शेवटचा, अकरावा फर्मा मात्र कोणाकडेच नव्हता. छापखान्यात कागद संपला होता, तो यायचा होता. म्हणजे माझ्या हातात दहा फर्म्यांचं पुस्तक आलं. शिलाई माझी, पुठ्ठा नाही, पहिल्या पानावर काळ्या शाईचा अंगठ्याएवढा डाग. यापेक्षा देखणं पुस्तक मी आजवर बांधलेलं नाही.

कारखान्याच्या सुट्टीच्या दिवशी दुपारी जेवणं उरकली, भांडी तशीच ठेवली आणि मी दारात, उंबऱ्यावर बसले. हातात पुस्तक आणि भाजी चिरायची सुरी. सुरी अशासाठी की पानं कापलेली नव्हती. घडीची कड फाडल्याशिवाय पुढचं पान दिसत नाही. नवरा फ्रिज दुरुस्तीची कामं करतो, उन्हाळ्यात त्याला श्वास घ्यायला सवड नसते. तो निघता निघता थबकला.

"हे काय?"

"पुस्तक."

"आणि भांडी?"

"भांडी आहेत तिथे आहेत. ती कुठे जात नाहीत."

तो गेला. मी पहिल्या पानाला सुरी लावली.

खरं सांगते, पहिली काही पानं मला वाचताच येईनात. हात रिकामे होते ना! शेजारी एक फडकं पडलं होतं, माझे हात आपोआप त्याच्या घड्या घालायला लागले. मी फडकं लांब फेकून दिलं. मग हळूहळू डोळे स्थिरावले. एक ओळ झाली की पुढची तिथेच खाली होती, कोणी ती ओढून नेत नव्हतं. पान संपलं की पुढचं माझंच होतं. मी माझ्याच दुसऱ्या फर्म्याशी आले तेव्हा तर थक्क झाले. शेकडो वेळा वाचलेला तो पोहण्याचा भाग, पण आधी काय झालं ते कळल्यावर त्यातली घाबरगुंडी आता माझी झाली होती. पाण्यात तिचे पाय सुटले आणि मी उंबऱ्यावर पाय आखडून घेतले. गल्लीतून जाणाऱ्या बाईने विचारलं, "बरं वाटत नाही का?" म्हटलं, "फार बरं वाटतंय."

आणि मग पाचवा फर्मा आला.

रेडिओ खोटं बोलली नव्हती. त्यात काही होत नाही. सगळे हसल्यानंतरच्या दुपारी ती मुलगी एकटी खाणीवर जाते आणि तापलेल्या दगडावर पालथी पडते. मुंग्या बघते. पाण्यावरचं ऊन दगडाच्या भिंतीवर कसं हलतं ते बघते. दुसऱ्या दिवशी परत तेच. मावशी तिला शोधायला येत नाही, कामाला लावत नाही, काय झालं म्हणून विचारत नाही. तिसऱ्या दिवशी फार उकडतं म्हणून ती मावशीच्या कात्रीने स्वतःच स्वतःची वेणी कापते, मानेवरून वारा जातो आणि ती एकटीच मोठ्याने हसते. सोळा पानं एवढंच. कोणाला उत्तर देणं नाही, कोणाच्या मागून धावणं नाही. पोर नुसती पडून राहते आणि उठते तेव्हा निराळी असते. मी ती सोळा पानं वाचली, परत मागे जाऊन वाचली, आणि उंबऱ्यावर बसून भर दुपारी रडले. दुःखाने नाही, संतापाने. कोणी मला असा एक फर्मा दिला नव्हता. आणि रेडिओलाही दिला नव्हता, म्हणूनच तिने तो आम्हाला सांगितला नाही. अशी गोष्ट डब्याबरोबर वाटून टाकता येत नाही.

मागे वळून पाहिलं तर माझी लेक घरात जमिनीवर उताणी, पाय भिंतीला लावून पडली होती. सकाळपासून तशीच. एरवी मी ओरडले असते.

"वाचणार का गं?" मी म्हणाले. "झालं की देते."

"नको," ती म्हणाली. "मला नाही आवडत पुस्तकं."

बाइंडरणीची मुलगी! जाऊ दे.

संध्याकाळी नवरा आला, हातपाय धुतले आणि टॉवेलला तोंड पुसत म्हणाला, "तुझ्या मालकांकडे गेलो होतो, फ्रिज बिघडला होता त्यांचा. बोलणं झालं. उद्यापासून हिला घेऊन जा बरोबर. सुट्टीपुरतंच."

"नाही नेणार."

"अगं, शब्द दिलाय मी."

"माझ्या पोरीचा शब्द तुम्ही परस्पर कसा दिलात?"

"आपल्या पोरीचा," तो म्हणाला.

"बरं, आपल्या. मग त्यातला माझा अर्धा परत घेऊन या."

त्याला वाटलं मी चिडलेय, उतरेल राग. "दोन महिन्यांचा तर प्रश्न आहे," तो समजुतीने म्हणाला. "घरी बसून तरी काय करतेय ती?"

तेवढ्यात लेकच भिंतीवरचे पाय खाली घेत म्हणाली, "जाते ना मी, आई. काय होतंय? तूही जातेस. घरी तरी मी काय करतेय?"

"काही नाही करत," मी म्हणाले. "आणि तेच करायचं. शाळा उघडेपर्यंत तू काही करायचं नाहीस. भिंतीला पाय लावून पडून राहायचंस. कंटाळा आला तर कंटाळायचं. आणि कोणी कामाला नेतो म्हणालं, तुझा बाप म्हणाला तरी, माझ्याशी गाठ आहे म्हणून सांगायचं."

त्या रात्री नवऱ्याने स्वतःचं ताट स्वतः वाढून घेतलं. त्याने काही त्याचं वजन घटलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी एकटीच कामावर गेले. पिशवीत माझं दहा फर्म्यांचं पुस्तक होतं, कारण अकरावा आज येणार अशी बातमी होती. मालक दारातच उभे होते.

"पोरगी कुठंय, ताई?"

"घरी आहे."

"बरं नाही का?"

"ठणठणीत आहे. येणार नाही ती."

मालक हसले. हसण्याने बरीच कामं होतात हे त्यांना ठाऊक आहे. मग त्यांची नजर पिशवीतून डोकावणाऱ्या पुस्तकावर गेली. त्यांनी ते काढून घेतलं, डाग पाहिला, शिलाई पाहिली. शिलाई बघून त्यांच्या कपाळावरच्या आठ्या जरा कमी झाल्या, मग त्यांनी त्या परत आणल्या.

"कारखान्यातला माल असा बाहेर न्यायचा नसतो."

"माल नाही तो. रद्दी आहे. रद्दीवाला त्यात भजी बांधणार, मी वाचलं."

"मी कुठे नाही म्हणतोय?" ते पुस्तक माझ्या हातात परत देत म्हणाले. "ठेवा तुम्ही. आपण घरची माणसं. तुम्ही माझ्यासाठी थोडं करा, मी तुमच्यासाठी. पोरीला पाठवा उद्यापासून. सुट्टीपुरतं तर म्हणतोय."

टेबलावरचे हात थांबले होते. मला माझा आवाज चढलेला ऐकू आला, पण तो खाली आणायची मला गरज वाटली नाही.

"मालक, मी इथे पहिल्यांदा आले त्या सुट्टीत तुम्ही काय करत होतात, आठवतंय?"

"मी?" ते गोंधळले. "मी लहान होतो. बारा वर्षांचा असेन."

"रोज दुपारी तुम्ही या दारातून आत यायचात. ओल्या केसांनी. फरशीवर पाणी गळायचं आणि कागद भिजतील म्हणून मोठे मालक ओरडायचे. कुठून यायचात?"

"पोहायला शिकत होतो," ते म्हणाले.

"मी चौदा वर्षांची होते. तुमचं पाणी मी पुसायची. मला अजून पोहता येत नाही. माझी पोरगी येणार नाही, मालक. आज नाही, सुट्टीपुरतं नाही, कधीच नाही. तिला या टेबलाशी बसवायचं असेल तर मला आधी उठवा."

त्यांचा चेहरा लाल झाला. मी चारचौघींत बोलले याचा तो राग होता. माझं बोलणं खोटं होतं म्हणून नव्हे. "मग उठा," ते म्हणाले. "टेबलावरून उठा आणि सरसावर जा."

सरस म्हणजे पुस्तकांच्या पाठीला लावायचा गोंद, तो सतत कढत ठेवावा लागतो. मागच्या बाजूला त्याची लहानशी खोली आहे. पंखा लावला तर सरसावर साय धरते, म्हणून पंखा नाही. उन्हाळ्यात तिथे अर्धा तास उभं राहिलं की डोळ्यांपुढे काजवे चमकतात. तिथे कायमचं कोणालाच ठेवत नाहीत, पाळीपाळीने जातात. मी पिशवी खुंटीला अडकवली, डोक्याला ओलं फडकं बांधलं आणि गेले. जाताना मान खाली घातली नाही, हे मुद्दाम सांगते.

दुपारच्या जेवणानंतर अकरावा फर्मा आला. सरसाच्या खोलीचं दार उघडंच असतं, मला टेबल दिसत होतं. काम आधीच उशिराने चाललेलं, म्हणून मालकांनी चौघींनाही तोच फर्मा दिला. असं आमच्याकडे कधी होत नाही. चौघींसमोर एकच कागद, एकच पान, एकच ओळ. मी ब्रश ढवळत तिथून बघत होते, आणि माझ्या जिवाची नुसती तगमग होत होती. शेवट तिथे पसरलेला, आणि मी इथे गोंद ढवळतेय!

तेवढ्यात जाऊबाईचा आवाज आला. गल्लीच्या टोकाला ऐकू जाईल असा.

"ताई, ऐकतेस ना गं? 'सुट्टीचा शेवटचा दिवस होता. तिने कोणालाही न सांगता चप्पल काढली—'"

हात घडी घालत होते, हाडाच्या पट्ट्या चालू होत्या, आणि जाऊबाई वाचत होती. पान संपलं की जोडीतली थोरली, मग धाकटी. मुलगी कड्यावर चढत होती. खाली परत सगळी पोरं जमली होती. शीळवाल्याने शीळ घातली. मी ब्रश हातात धरून दारात आले.

मालक त्यांच्या काचेच्या खोलीतून बाहेर आले. "हे काय चाललंय? नियम माहीत नाही का?"

धाकटी वाक्याच्या मधेच थांबली. पट्ट्याही थांबल्या. मालक कमरेवर हात ठेवून उभे राहिले आणि आता झालं, असं मला वाटलं. मी तोंड उघडणार, एवढ्यात एक आवाज आला. घोगरा, कमी वापरलेला.

"'—आणि तिने खाली पाहिलं.'"

रेडिओ वाचत होती. मान खाली, हात चालू, प्रत्येक घडीचा कोपरा कोपऱ्यावर. मालकांनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग जाऊबाईकडे. आवाज कोणाचा हे त्यांना कळेचना, त्यांनी तो कधी ऐकलाच नव्हता. कळलं तेव्हा ते तिच्या मागे जाऊन उभे राहिले. रेडिओ थांबली नाही. दोन्ही बहिणींच्या पट्ट्या परत सुरू झाल्या.

"'खालून सगळे ओरडत होते, मार, मार. गेल्या वेळी ती त्यांच्या हसण्याला घाबरली होती. आज तिने ते ऐकलं आणि तिला कळलं की पाणी त्यांचं नाही. कडाही त्यांचा नाही. ती तिथे मनसोक्त उभी राहिली, वारा कापलेल्या केसांतून जाऊ दिला, आणि मग आल्या वाटेने, एकेक पायरी बघत, सावकाश खाली उतरली. कोणी हसलं की नाही, तिने पाहिलं नाही.'"

रेडिओने घडी दाबली. "संपलं," ती म्हणाली.

"अगं बाई!" जाऊबाई उसळली. "उडी मारलीच नाही? एवढा उन्हाळा जिवाला घोर लावला आणि ही उतरली खाली? माझी जाऊसुद्धा एवढा भाव खात नाही!"

"तिला हवी तेव्हा मारेल," रेडिओ म्हणाली.

एका दिवसात तिचं इतकं बोलणं आम्ही कधी ऐकलं नव्हतं. मालक अजून तिथेच होते. ते कोणाकडेही न बघता म्हणाले, "वरून पाहिलं की पाणी फार लांब दिसतं." मग भानावर आल्यासारखे माझ्याकडे वळले. "ताई, सरस खाली लागतोय."

"लागू दे," मी म्हणाले. "शेवट ऐकतेय मी."

त्यांनी मला कामावरून काढलं नाही. सरसावरूनही काढलं नाही. तो सगळा उन्हाळा मी त्या खोलीत काढला. घामाने अंग भिजून जायचं, संध्याकाळी टेबलावरच्या चौघी मला आधी नळावर जाऊ द्यायच्या. रोज सकाळी मालक विचारायचे, "पोरीचं काय?" आणि मी रोज म्हणायचे, "काही नाही." अकराव्या फर्म्याचा डागाळलेला कागद रेडिओने मला आणून दिला. मी तो पानं न कापताच पुस्तकाला शिवला आणि पुस्तक घरात सगळ्यांना दिसेल असं ठेवलं. नवऱ्याने एकदा ते उघडलं, पहिल्या पानावरचा डाग बघितला आणि बंद केलं.

शाळा उघडायच्या थोडं आधी मी एकदा घरी आले तर लेक भिंतीला पाय लावून पडलेली. केस कानाशी कापलेले, एका बाजूला जास्त, एका बाजूला कमी. जमिनीवर कात्री आणि शेजारी माझी भाजीची सुरी.

"हे काय केलंस? काय झालं?" मी विचारलं.

"काही नाही," ती म्हणाली.

मी पुस्तकाकडे पाहिलं नाही, तिला काही विचारलंही नाही. भिंतीपाशी तिच्या शेजारी आडवी झाले आणि माझे पाय तिच्या पायांशेजारी वर लावले. सरसापाशी उभं राहून सुजलेले होते, त्यांना बरं वाटलं. स्वयंपाकाची वेळ टळून गेली तरी आम्ही दोघी उठलो नाही.

सुट्टी संपली त्या सकाळी मी कारखान्यात उशिरा पोचले. मालकांनी घड्याळाकडे पाहिलं आणि विचारलं, "पोरगी कुठंय?"

"शाळेत," मी म्हणाले, आणि सरसाच्या खोलीत न जाता टेबलावर माझ्या जागी जाऊन बसले.